बोल गेले, ओवी राहिली

१५ जानेवारी २०२४, संक्रांतीचा दिवस. पिंपरी पेंढारच्या आमच्या मळ्यातल्या घरात सकाळी साडेसहाला सुगडे भरण्याची गडबड चालू होती. गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, उसाची कांडकी आणि बोरे असे सगळे सुपात काढून ठेवलेले. सासूबाई उजव्या हाताने बोरे उचलून सुगडात टाकत होत्या आणि बोरे सुगडात न पडता जमिनीवर सांडत होती. एकदा सांडली, दोनदा सांडली. मी म्हटले, "आत्या, थंडीने हात गारठला का?" त्यांनी काहीतरी उत्तर दिले, ते मला नीट कळले नाही. तोंड किंचित डावीकडे ओढल्यासारखे वाटले. पण घरात दहा कामे होती. मी त्यांच्यापुढे शेगडी ठेवली, हाताला कोमट तेल चोळले आणि पूजेला लागले.

वाचकहो, हे मी मुद्दाम तपशिलाने लिहिते आहे. मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आरोग्याचे धडे मी मुलांना शिकवले, पालकसभेत भाषणे केली. आणि माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर अर्धांगवायूचा झटका येत असताना मी तेल चोळत बसले.

दहा वाजता त्या उठायला गेल्या आणि उजव्या अंगावर कोसळल्या. शेजारच्या मावशी धावत आल्या. त्यांनी पाहताक्षणी सांगितले, "अंगावरून वारं गेलंय हिच्या." मग ह्यांनी १०८ ला फोन केला. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पण तिचा आकडा सकाळी साडेसहाला आमच्यापैकी कोणाला आठवला नव्हता. मेंदूचा स्कॅन होईल अशा इस्पितळात पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिले लक्षण किती वाजता दिसले?" मी खरे ते सांगितले. साडेसहा. ते क्षणभर गप्प राहिले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकून झटका आला असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन असते. ते पहिले लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. आधी स्कॅन करून गाठ आहे की रक्तस्राव आहे हे पाहावेच लागते, कारण रक्तस्रावात तेच औषध घातक ठरते. सासूबाईंना गाठच होती. पण साडेसहा तास होऊन गेले होते. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसले तर माणूस शेवटचा ठीक कधी होता तेव्हापासून वेळ मोजतात, हेही तेव्हाच कळले. आमच्याकडे तर वेळ चांगली ठाऊक होती. उपयोग केला नाही एवढेच.

रक्तदाब २१० आणि ११० निघाला. घरी आल्यावर मी त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या, एकही गोळी न काढलेल्या.

याची कथा अशी. डिसेंबरात कांद्याची लागवड होती, मजूर मिळत नव्हते. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली, भाव पडले, घरात सगळ्यांची तोंडे उतरलेली. त्या गडबडीत सासूबाईंनी गोळी सोडली. मी एकदा विचारलेही होते. त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय मी." आणि मी ते ऐकून घेतले, कारण मलाही वाद नको होता.

रक्तदाब दुखत नाही, ही त्याची मोठी लबाडी आहे. दाढ दुखली की आपण दवाखाना गाठतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला तरी माणूस खुरपणी करतो, लग्नाला जातो, हसतो, खेळतो. गोळी घेऊन बरे वाटते म्हणून गोळी बंद करणे म्हणजे टेकूवर छप्पर नीट उभे आहे म्हणून टेकू काढून घेण्यासारखे आहे. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आमच्याही तिथल्याच होत्या. पैशाचा प्रश्न नव्हताच.

इस्पितळात नऊ दिवस काढले. तिथली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. भेटायला आलेल्या एका नातलगांनी प्रेमाने चहाची बशी सासूबाईंच्या तोंडाला लावली आणि परिचारिका जवळजवळ ओरडलीच. झटक्यात गिळण्याची क्रिया बिघडते, चहा किंवा पाणी श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसाला सूज येते, आणि त्यात रोगी दगावू शकतो. म्हणून गिळणे तपासल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा द्यायचे नसते. आपल्याकडे तर माणूस पडला की पहिल्यांदा पाणीच पाजतात.

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचा. त्याचे आम्हाला एवढे वाटले नाही, कारण पायाला व्यायाम असतो हे माहीत होते. भीती वाटली ती वाचेची. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईने आयुष्यभर घर, गोठा आणि मजुरांची फळी नुसत्या तोंडाच्या जोरावर चालवलेली. आता त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला, "जाऊ दे." पाणी हवे, "जाऊ दे." लघवीला जायचे, "जाऊ दे." राग आला तरी तेच, नुसता आवाज चढलेला. सगळे समजत होते, डोळ्यांत दिसत होते. बाहेर मात्र तेवढेच येई. लोक त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलायचे. त्या बहिऱ्या झालेल्या नव्हत्या हो! पण हे किती जणांना सांगणार?

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ साली असाच एक रोगी तपासला होता. तो 'टॅन' एवढेच म्हणू शकत असे. तो वारल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात पुढच्या बाजूला बिघाड सापडला. बहुतेक माणसांत बोलण्याचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्यात चालतो आणि तोच अर्धा उजवे अंग चालवतो. म्हणून उजव्या अंगावरून वारे गेले की पुष्कळदा वाचाही जाते.

वन्सं ओतूरहून आल्या. त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते की कबुतराचे रक्त चोळले की लकवा जातो. आईच्या मायेपोटीच त्या म्हणत होत्या, म्हणून मी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "वन्सं, सकाळी साडेसहाला मी तेल चोळलं, त्याचं काय झालं ते बघताय ना?" कबूतर वाचले.

आणि त्याच वन्संनी मार्चमध्ये आमच्यावर मोठे उपकार केले. तुरी झोडून झाल्या होत्या. गिरणी असली तरी आमच्या घरी थोडी डाळ जात्यावर भरडण्याची पद्धत अजून आहे. वन्सं जात्याला बसल्या, खुंटा धरला आणि सवयीने ओवी म्हणू लागल्या. सासूबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओवीची पहिली ओळ संपली आणि दुसरी ओळ ओट्यावरून आली. स्वच्छ, शब्दन्‌शब्द, सुरात. जात्याचा घास तसाच राहिला. वन्सं रडू लागल्या. मी धावत जाऊन म्हटले, "आत्या, काय म्हणालात? पुन्हा म्हणा." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "जाऊ दे."

मला तेव्हा हा चमत्कार वाटला. पुण्याच्या वाचातज्ज्ञ बाईंना फोन केला, तर त्या शांतपणे म्हणाल्या की हे पुष्कळांच्यात होते. १७४५ साली स्वीडनमधल्या ओलोफ डालिन यांनी अशीच नोंद केली होती. रोग्याला बोलता येत नव्हते, प्रार्थनागीते मात्र म्हणता येत होती. गाणे, पाढे, आरती, देवाची नावे आपण तोंडपाठ केलेली असतात. ती मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेली असतात आणि त्यांत उजव्या अर्ध्याचाही वाटा असतो. अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली याच आधारावर सुरात बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती मांडली. उपयोग होतो तो सुराचा, तालाचा की पाठांतराचा, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. आम्हाला त्या वादाशी कर्तव्य नव्हते.

बाईंनी सांगितलेली रीत अशी. रोग्याचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा, मांडीवर ताल धरायचा आणि नेहमीच्या गरजेचा लहानसा शब्द दोन सुरांत म्हणायचा, एक खाली, एक वर. पा-णी. प्रत्येक अक्षराला हाताची एक थाप. आधी आपण म्हणायचे, मग बरोबरीने, मग हळूच आपला आवाज काढून घ्यायचा. शब्द पक्का झाला की सूर कमी करत बोलण्याजवळ आणायचा. तोही दिवसभर नाही, पंधरावीस मिनिटे, पण रोज. टीव्ही बंद. एका वेळी एकच प्रश्न, आणि तो विचारल्यावर थांबायचे. हे थांबणेच फार कठीण. शिक्षकाला तर फारच, कारण मुलाने उत्तर द्यायच्या आत आपण फळ्यावर लिहून मोकळे होतो. 'पाणी' हा शब्द मागणी म्हणून यायला सात आठवडे लागले. ओवी ऐकली म्हणजे बोलणे परत आले, असे कोणी समजू नये. म्हटलेल्या ओवीतले 'पाणी' आणि तहान लागल्यावरचे 'पाणी' यांत ते सात आठवडे होते.

याच सुमारास मी वही घातली, दोनशे पानी, शाळेतलीच. सासूबाईंच्या तोंडून रोज एकदोन ओव्या येत. त्या मी लिहून घेऊ लागले. सुरुवातीला निव्वळ उपचार म्हणून, कारण कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ येते हे मला माहीत असले तर पहिली ओळ मी देऊ शकेन. मी निवृत्त झाले तेव्हा 'काहीतरी लिहायचे' असे सगळ्यांना सांगत होते आणि वर्ष उलटले तरी एक पान लिहिले नव्हते. आता रोज लिहू लागले.

लिहिता लिहिता एक गोष्ट उमगली. सासूबाईंचे माहेर आंबेगाव तालुक्यातले, डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी. मूळ आंबेगावही तिथेच बुडाले. त्यांच्या ओव्यांत माहेरची वाट आहे, पाणवठा आहे, भावाचे वावर आहे, देवळाची पायरी आहे. हे काहीच आता पाण्याच्या वर नाही. चाळीस वर्षे मी या घरात आहे, त्यांनी या जागांचे नावसुद्धा माझ्यापाशी कधी काढले नव्हते. सासू म्हणून सांगावेसे वाटले नसेल, आणि सून म्हणून मी विचारले नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे मी पूर्वी वाचले होते. वाचून 'वा' म्हटले होते. आपल्याच ओट्यावर हे बसलेले आहे असे मनात आले नव्हते.

जूनमध्ये सगळे थांबले. सासूबाई जेवेनात, गाईनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. आम्हाला वाटले हट्ट. डॉक्टर म्हणाले, ही झटक्यानंतरची उदासीनता, सुमारे तिघांतल्या एकाला येते, ती आजाराचाच भाग आहे आणि तिलाही औषध आहे. औषध सुरू केले. त्याचबरोबर ह्यांनी एक युक्ती केली. गोठ्यापासून ओट्यापर्यंत कमरेच्या उंचीवर वेळू बांधला, आणि सांगितले की रोज सकाळी वासराला घास घालायचे काम आईचे. वेळू धरत, पाय ओढत त्या जाऊ लागल्या. आषाढी १७ जुलैला होती. त्या दिवशी त्यांनी पुन्हा ओवी म्हटली.

व्यायामाचे तज्ज्ञ सांगत, सकाळी लवकर मोकळ्या हवेत चालवा. हे सांगणारे पुण्याचे. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. जुन्नर-आंबेगावात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याच पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात एका महिलेचा जीव गेला. त्यानंतर तर कितीतरी दिवस बायका एकट्या वावरात जात नव्हत्या. ह्यांना रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जावे लागे, तेव्हा ते परत येईपर्यंत मला झोप लागत नसे, आणि झोप नसली की माझीही साखर चढते हे मला पुढे कळले. सासूबाईंचे चालणे आम्ही सकाळी दहानंतर आणि पाचच्या आत, अंगणातच, वेळूच्या आधाराने ठेवले. अंगणाच्या वीस फेऱ्या झाल्या की एक बोर सुपात टाकायचे, उजव्या हाताने. उन्हाळ्यात बोरे नव्हती तेव्हा चिंचोके.

आता माझे. मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभर मी दुसऱ्याच्या गोळ्या मोजल्या आणि माझ्या विसरले. ऑगस्टमध्ये कांद्याच्या बराकीत अनवाणी काम करताना तळपायात खिळा गेला आणि मला कळलेच नाही! संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा समजले. साखर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, जखम दुखत नाही, आणि न दुखणारी जखम चिघळते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी काढली, ती ९.२ निघाली. सातच्या आसपास हवी होती. जखम भरायला पाच आठवडे लागले. त्या काळात पुण्याहून सूनबाई रजा टाकून आली, आणि घरात दोन पेशंट असूनही तिने जेवणातले मीठ निम्मे केले. लोणचे, पापड, खारवलेली मिरची ताटातून गेली. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या लहान चमच्यापेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी एकट्या ठेच्यातच तेवढे जात असावे. ह्यांनी आठ दिवस तोंड वाकडे केले, मग जिभेला सवय झाली.

३ ऑक्टोबरला घटस्थापना होती. त्याच दिवशी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. रात्री टीव्हीवर त्याची चर्चा चालली होती, आणि आमच्या घरी सासूबाई ताटातल्या आमटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मीठ. न्हाई." दोन शब्द, स्वतः जुळवलेले, सूर नसलेले, आणि तक्रारीचे. कोणाला दर्जा मिळाला याकडे मग कोणाचे लक्ष राहिले नाही. सूनबाई तर हसता हसता रडली.

त्यानंतर गाडी हळूहळू चालत राहिली. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण वाचेची वाट त्यानंतरही बरीच पुढे जाते, म्हणून सहा महिन्यांनी आशा सोडू नका असे बाईंनी बजावले होते. २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाला सासूबाई वॉकर धरून गेल्या. तिथल्या माणसाने नाव विचारले. मी तोंड उघडले होते, पण थांबले. मागची रांग खोळंबली. सासूबाईंनी मांडीवर डाव्या हाताची थाप दिली, आणि नाव सांगितले. नवऱ्याच्या नावासकट.

डिसेंबरात एका संध्याकाळी मी त्यांच्या हातावर रक्तदाबाची गोळी ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्याल्या, आणि भांडे परत देताना मला विचारले, "तुझी?"

मी घेतली नव्हती.

पुढची संक्रांत १४ जानेवारी २०२५ ला आली. सासूबाईंनी सुगडे भरायला घेतली. पाचांपैकी दोन उजव्या हाताने भरली, बोरे सांडलीच, पण मोजकी. वहीत त्या दिवशीपर्यंत १२७ ओव्या झाल्या होत्या. त्यांपैकी अकरा अर्ध्या आहेत. सासूबाई पहिली ओळ म्हणतात आणि दुसरीच्या जागी नुसता सूर येतो, शब्द येत नाहीत. वन्संनाही त्या ठाऊक नाहीत. त्यांच्या माहेरच्या बायका धरणामुळे उठून वेगवेगळ्या गावी गेल्या. घोडेगावच्या बाजूला त्यांच्या बरोबरीच्या एक बाई राहतात असे कळले आहे. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण जात्यावर बसवले तर म्हणतात म्हणे. थंडी कमी झाली की सासूबाईंना घेऊन तिकडे जायचे ठरले आहे. गोळ्यांचा डबा बरोबर घ्यायचा आहे, दोघींचा.